विश्लेषण : चार वर्षांच्या मुलाची प्रगती मोजायची कशाने? मूल्यमापनाचे साधन निवडताना काय पाहावे?

नवे शैक्षणिक वर्ष जवळ आले की दोन चित्रे हमखास दिसतात. जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात शाळापूर्व तयारीचा मेळावा भरतो. पहिलीत येणारी मुले एका टेबलावर रंगांनुसार वस्तू वेगळ्या करतात, दुसऱ्यावर चित्र पाहून गोष्ट सांगतात, तिसऱ्यावर खडे मोजतात. शेवटी आईच्या हाती मुलाचे विकासपत्र येते. त्याच सुमारास शहरातल्या एखाद्या शाळेत साडेतीन वर्षांच्या मुलाला अनोळखी खोलीत बसवून रंगांची इंग्रजी नावे विचारली जातात. मूल गप्प राहते आणि बाहेर आई-वडिलांचा जीव टांगणीला लागतो. दोन्हीकडचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. फरक असतो तो उत्तराचे पुढे काय होते, यात. एकीकडे उत्तरावरून मुलाला काय शिकवायचे ते ठरते, दुसरीकडे मूल आत की बाहेर ते ठरते. मूल्यमापनाचे साधन निवडताना हाच फरक सर्वात आधी पाहावा लागतो.

हा प्रश्न आताच का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून शालेय रचनेत आणला. त्यापूर्वी बालवाडी-अंगणवाडी ही शिक्षणाच्या उंबरठ्याबाहेरची गोष्ट समजली जाई. ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी गणिते करता यावीत, यासाठी २०२६-२७ हे लक्ष्यवर्ष ठरवण्यात आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. महाराष्ट्रात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले ते याच काळात.

लक्ष्य ठरले की मोजणी आलीच. आता अंगणवाडी, शाळा, आरोग्य पथक, स्वयंसेवी संस्था आणि खासगी कंपन्या असे सगळेच लहान मुलांचे काही ना काही मोजत आहेत. पूर्वप्राथमिक शाळांना ‘असेसमेंट किट’ विकली जातात, पालकांच्या मोबाइलवर ‘तुमचे मूल किती हुशार?’ विचारणारी अॅप येतात. साधनांचा तुटवडा नाही. योग्य साधन कोणते, हे विचारण्याची सवय मात्र अजून लागलेली नाही.

लहान मुलांचे मोजमाप अवघड का?

आठवीच्या मुलाला परीक्षा म्हणजे काय ते ठाऊक असते. चार वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नसते. समोरच्या अनोळखी बाईंनी ‘हा कोणता रंग?’ विचारले, तर ‘यांना एवढेही कळत नाही का?’ असे त्याला वाटू शकते. त्याला भूक लागलेली असते, झोप आलेली असते किंवा खिडकीबाहेरची खार जास्त महत्त्वाची असते. आज न आलेले उत्तर तेच मूल उद्या आजीला सहज सांगते.

दुसरे कारण वयाचे. चार वर्षांच्या मुलासाठी सहा महिने म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा आठवा भाग. एकाच वर्गात बसलेल्या, पण आठ-दहा महिन्यांचे अंतर असलेल्या दोन मुलांची तुलना केली, तर मोठ्याची ‘हुशारी’ हे निव्वळ वय असू शकते. शिवाय या वयातली वाढ सरळ रेषेत होत नाही. एखादे मूल चालायला लवकर लागते आणि बोलायला उशिरा. दुसरे सहा महिने अडून राहिल्यासारखे दिसते आणि मग एकदम झेप घेते. त्यामुळे एका दिवसाच्या, एका बैठकीच्या निकालावर या वयात फार मोठा निर्णय टेकवता येत नाही.

एकच साधन सगळ्या कामांना का चालत नाही?

कारण मोजण्याचे हेतू निरनिराळे असतात. ढोबळमानाने ते चार आहेत.

पहिला हेतू शिकवण्याचा : उद्या या मुलासोबत काय करायचे, हे ताईंना कळावे. त्यासाठी रोजचे निरीक्षण, मुलाची चित्रे, त्याने केलेल्या वस्तू आणि त्याच्याशी झालेल्या गप्पा पुरतात.

दुसरा हेतू चाळणीचा : कोणत्या मुलाकडे तज्ज्ञाने पाहण्याची गरज आहे, हे लवकर ओळखावे. गरोदरपणात मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर वयानुसार विकासाचे टप्पे दिलेले असतात. केरळमध्ये तयार झालेला ‘त्रिवेंद्रम डेव्हलपमेंट स्क्रीनिंग चार्ट’ दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी अवघ्या १७ मुद्द्यांत हेच काम करतो.

तिसरा हेतू निदानाचा : चाळणीत अडकलेल्या मुलाला नेमकी अडचण कोणती, हे शोधावे. येथे प्रशिक्षित मानसतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ लागतो. ‘डासी’ ही भारतीय बालकांसाठीची विकासश्रेणी या प्रकारातली.

चौथा हेतू व्यवस्थेचा आढावा घेण्याचा : जिल्ह्यातली, राज्यातली किंवा देशातली मुले कुठे आहेत, हे पाहावे. ‘प्रथम’च्या पुढाकाराने २००५ पासून होणारे ‘असर’ सर्वेक्षण, एनसीईआरटीने २०२२ मध्ये तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांचे केलेले पायाभूत अध्ययन सर्वेक्षण किंवा दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या आयांना २० प्रश्न विचारणारा युनिसेफचा ‘ईसीडीआय २०३०’ ही याची उदाहरणे.

या चौघांची अदलाबदल झाली की घोटाळा होतो. युनिसेफचे २० प्रश्न देशाचे चित्र दाखवण्यासाठी आहेत. त्यावरून एका मुलाला ‘मागे पडलेले’ ठरवणे म्हणजे गावाच्या सरासरी पावसावरून आपली विहीर भरली असे म्हणण्यासारखे. उलट, वर्गातल्या ताईंनी शिकवण्यासाठी केलेल्या नोंदी एकत्र करून जिल्ह्यांची क्रमवारी लावली, तर पुढच्या वर्षी नोंदी आपोआप ‘सुधारतात’. मुले आहेत तिथेच राहतात.

हेतू बदलल्याने काय होते, याचा इतिहासही आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये थिओडोर सिमाँ यांच्यासह चाचणी तयार केली, ती शाळेत वेगळी मदत लागणारी मुले ओळखण्यासाठी. बुद्धी ही कायमची ठरलेली मात्रा मानण्यास बिने यांचा विरोध होता. पण ही चाचणी अमेरिकेत गेली आणि माणसांना चढत्या-उतरत्या पायऱ्यांवर बसवण्याचे हत्यार झाली. हेन्री गोडार्ड यांच्या पथकाने एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांनाही ती लावली. मदतीसाठी केलेल्या साधनाचा उपयोग माणसांना नाकारण्यासाठी होऊ लागला.

चांगले साधन ओळखायचे कसे?

तांत्रिक भाषेत दोन शब्द महत्त्वाचे आहेत : विश्वसनीयता आणि सप्रमाणता. विश्वसनीयता म्हणजे तेच मूल, तेच साधन आणि दोन वेगवेगळ्या ताई असल्या तरी उत्तर जवळपास तेच येणे. सप्रमाणता म्हणजे जे मोजायचे ठरवले तेच मोजले जाणे. वजनकाटा दर वेळी दोनशे ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर तो सातत्य राखतो, पण चुकीचे सांगतो. मुलांच्या चाचण्यांतही असे घडते. गणिताचा प्रश्न लांबलचक वाक्यात विचारला की मोजली जाते ती भाषा. आकृती गिरवायला लावून आकारांची समज तपासली की मोजली जाते ती बोटांची पकड.

तिसरी कसोटी तुलनेची. ‘या वयात हे यायला हवे’ हे कोणत्या मुलांना पाहून ठरवले? परदेशातल्या शहरी मुलांवरून काढलेले मानदंड इथल्या बाळांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. म्हणूनच अमेरिकेतील बेली श्रेणीचा आधार घेऊन प्रमिला फाटक यांनी बडोद्यातील बालकांच्या अभ्यासातून भारतीय मानदंड उभे केले आणि त्यातून पुढे ‘डासी’ घडली. साधन विकत घेणाऱ्या शाळेने किंवा संस्थेने विक्रेत्याला विचारायला हवे : हे कोणत्या वयाच्या, कोणत्या भाषेच्या आणि किती मुलांवर तपासले? उत्तराऐवजी रंगीत पुस्तिका पुढे आली, तर खरेदी थांबवलेली बरी.

भाषांतर केले की काम भागते का?

भागत नाही. महाराष्ट्रात भिली, पावरी, कोरकू, गोंडी, वारली, कातकरी, बंजारा अशा घरच्या भाषा घेऊन मुले अंगणवाडीत येतात. ‘ही वस्तू दाखव’ हे वाक्यच कळले नाही, तर वस्तू ओळखता येते की नाही हे कसे ठरणार? चित्रांचेही तेच. मोहाची फुले वेचणाऱ्या पाड्यावरच्या मुलाला सरकत्या जिन्याचे चित्र दाखवून त्याचा शब्दसंग्रह मोजला, तर मोजले जाते ते त्याने मॉल पाहिला आहे की नाही एवढेच. त्याच मुलाला रानातल्या पानांचे आकार वेगळे करायला सांगितले, तर शहरातले मूल मागे पडेल.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर बालवाडी थेट मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पाने, खडे हेच तिथले शैक्षणिक साहित्य होते. मुलाच्या ओळखीच्या वस्तूंतून त्याला शिकवता येते, तर त्याच वस्तूंतून त्याची समजही जोखता येते.

वाचनवेगाचेही असेच. एका मिनिटात किती शब्द वाचले, हे माप सर्व भाषांना एकसारखे लावता येत नाही. काही भाषांत शब्द आखूड, काहींत लांब. मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द मोजला जातो, तेवढ्याच अर्थाला दुसऱ्या भाषेत तीन-चार शब्द लागतात. २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात २० भाषांमध्ये वाचन तपासून प्रत्येक भाषेसाठी वेगळे मापदंड ठरवले गेले, ते यासाठीच.

चाळणी चुकली तर?

प्रत्येक चाळणी चुकतेच. प्रश्न असतो तो किती आणि कोणत्या बाजूने. समजा, एका तालुक्यात १,००० मुले आहेत आणि त्यातील १०० मुलांना विकासात खरोखर अडचण आहे. साधन चांगले आहे : ते १०० पैकी ८० मुले बरोबर ओळखते आणि अडचण नसलेल्यांपैकी फक्त १० टक्के मुलांना चुकून अडकवते. अडचण नसलेली मुले ९००, म्हणजे चुकून अडकलेली ९०. चाळणीत एकूण १७० मुले आली. त्यातील खरी अडचण ८० जणांना, म्हणजे निम्म्याहूनही कमी मुलांना. आणि २० मुले सुटून गेली ती वेगळीच.

या गणिताचा अर्थ चाळणी नको असा होत नाही. अर्थ असा की, चाळणीचा निकाल म्हणजे निदान नव्हे. ‘पुन्हा पाहायला हवे’ आणि ‘मूल मतिमंद आहे’ या दोन वाक्यांत मुलाचे आणि कुटुंबाचे आख्खे आयुष्य असते. म्हणून चाळणीमागे पुढची सोय हवी. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची रचना तशीच आहे : आरोग्य पथकाने अंगणवाडीत जाऊन मुले तपासायची आणि शंका असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे ‘डीईआयसी’त पाठवायचे. पण पाड्यावरून जिल्ह्याच्या गावी जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते. तिथवर पोहोचण्याची व्यवस्था नसेल, तर उत्तम चाळणीही आईच्या जिवाला घोर लावण्यापलीकडे काही करत नाही.

मग निरीक्षण हे खरेच साधन आहे का?

आहे, आणि या वयासाठी ते मुख्य साधन आहे. पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याने या टप्प्यावर चाचण्या आणि परीक्षा अयोग्य ठरवल्या असून मुलांचे निरीक्षण आणि त्यांनी केलेल्या कामाचा अभ्यास या दोन मार्गांवर भर दिला आहे. मात्र निरीक्षण म्हणजे मनाला येईल ते मत नव्हे. ‘मुलगा हुशार आहे, पण चंचल’ ही नोंद कोणाच्याच उपयोगाची नाही. ‘बटणांचे रंगानुसार तीन गट केले; मोठी-छोटी वेगळी कर म्हटल्यावर थांबला, मग एक जोडी करून दाखवल्यावर पुढचे जमले’ ही नोंद वाचून पुढे काय करायचे ते कुणालाही कळते. पहिली नोंद मुलाला चिकटते, दुसरी ताईंच्या कामी येते.

याची शिस्त सोपी आहे. काय पाहायचे ते आधी ठरवावे, जे दिसले तेच लिहावे, तारीख टाकावी आणि तीच गोष्ट वेगवेगळ्या दिवशी, खेळातही आणि जेवतानाही पाहावी. दोन ताईंनी अधूनमधून एकाच मुलाची नोंद स्वतंत्रपणे करून ताडून पाहिली, तर विश्वसनीयतेचा प्रश्नही बराच सुटतो.

अंगणवाडीला काय परवडते?

साधनाची किंमत फक्त रुपयांत नसते. २५ मुलांच्या अंगणवाडीत प्रत्येक मुलामागे २० मिनिटे लागणारी चाचणी घ्यायची तर ५०० मिनिटे, म्हणजे आठ तास २० मिनिटे लागतात. तेवढा वेळ उरलेली मुले काय करणार? महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. तिथल्या सेविकेला आहार, वजन-उंची, गृहभेटी, लसीकरणाच्या दिवसाची तयारी आणि ‘पोषण ट्रॅकर’मधील नोंदी असे सारे सांभाळायचे असते. त्यात आणखी एक चाळीस रकान्यांचा तक्ता आला, की तो महिनाअखेरीस एका बैठकीत भरला जातो आणि सगळ्या मुलांपुढे सारखीच खूण पडते. अशी माहिती नसलेली परवडली, कारण तिच्यावर विसंबून पुढचे निर्णय घेतले जातात.

‘असर’ची वाचनचाचणी टिकली, त्यामागे हेच कारण आहे. अक्षर, शब्द, चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट एवढाच तिचा ऐवज. काही मिनिटांत, एकेका मुलासोबत ती होते आणि निकाल गावातल्या कुणालाही समजतो. ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीतली दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, ती २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली, हे कळते ते या साध्या पानामुळे. मात्र हे साधन मूल कुठे अडले ते सांगते, का अडले ते सांगत नाही. ते शोधायला पुन्हा शिक्षकच लागतो.

पालकांनी काय पाहावे?

मोबाइलवर फिरणाऱ्या ‘टप्प्यां’च्या याद्या वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमुक वयाला ‘बहुतेक मुले’ काय करतात आणि ‘सरासरी मूल’ काय करते, यात फरक आहे. सरासरीचा टप्पा धरला, तर निम्मी मुले व्याख्येनेच मागे दिसतात. अमेरिकेच्या ‘सीडीसी’ने २०२२ मध्ये आपली यादी सुधारली, तेव्हा निम्म्या मुलांऐवजी किमान ७५ टक्के मुलांना जमणाऱ्या गोष्टी त्यात घेतल्या. घरातल्या माता व बाल संरक्षण कार्डावरही असे टप्पे असतात. लस टोचून झाली की ते कार्ड कपाटात जाते, ते अधूनमधून बाहेर काढावे.

मूल हाकेला वळून पाहत नसेल, येत असलेले शब्द विसरत चालले असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे. पण शेजारचे मूल शंभरपर्यंत म्हणते आणि आपले वीसपर्यंतच, एवढ्यावरून धास्तावण्याचे कारण नाही. शंभरपर्यंत पाठ म्हणणाऱ्या मुलाला ‘पाच खडे दे’ सांगून पाहिले, की पाठांतर आणि समज यांतला फरक लगेच कळतो.

प्रवेशासाठीच्या मुलाखतीबद्दल कायदा काय सांगतो, तेही माहीत हवे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची निवडचाचणी घेणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र या कायद्यातील बालक ६ ते १४ वयाचे. नर्सरीतले साडेतीन वर्षांचे मूल या व्याख्येच्या बाहेर राहते, आणि ‘मुलाशी गप्पा’ या नावाखालची परीक्षा नेमकी तिथेच चालते. मोठ्या मुलाला मिळालेले संरक्षण लहान्याला नसावे, ही विसंगती दूर व्हायलाच हवी.

निवडीचा अंतिम निकष कोणता?

साधन हाती घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. यातून कोणता निर्णय घ्यायचा आहे? तो निर्णय चुकला तर नुकसान कोणाचे? हे साधन याच वयाच्या आणि याच भाषेच्या मुलांवर तपासलेले आहे का? आणि उत्तर हाती आल्यावर, पुढच्या आठवड्यात कोण काय वेगळे करणार आहे? निर्णय जितका मोठा, तितका पुरावा भक्कम हवा. एका चाचणीवर नव्हे, तर अनेक दिवसांच्या, अनेक माणसांच्या पाहण्यावर उभा असलेला.

चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिल्या तिघांचा उपयोग नाही. शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यातले ते विकासपत्र म्हणूनच महत्त्वाचे. त्यावर पास-नापास नसते. मूल खडे मोजताना अडले, हे पाहून आई त्याच संध्याकाळी भाकरी मोजायला सांगू शकते आणि पुढच्या मेळाव्यात काय बदलले ते पुन्हा पाहू शकते. ज्या मोजणीनंतर मुलासाठी कोणीच काही वेगळे करणार नाही, ती मोजणी करून मुलाचा खेळण्याचा वेळ घेऊ नये.